इंदूआत्याचा सोयरा

रफिकभाईंचं नाव आधी लिहून टाकतो. लेख लांबला की संपादक शेवटचा भाग कापतात असं ऐकलं आहे, आणि मला तशी सगळ्याच गोष्टींची धास्ती असते. मेहकरला भांड्यांच्या दुकानांना लागून एक बोळ आहे, त्याच्या तोंडाशी रफिकभाई बसतात. ताट, तांब्या, डबा, जे आणून द्याल त्यावर मशीननं नाव टाकून देतात. त्यांनी माझ्या इंदूआत्याची अब्रू वाचवली. सगळी नाही. जेवढी त्यांच्या हातात आली तेवढी. बाकीची ज्यांनी घालवली ते सगळे तिचे जवळचे आहेत, माझेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार आहे. स्मृतिलेखात असं लिहायचं नसतं म्हणतात. पण मी नववीत शाळा सोडलेला माणूस, काय लिहायचं नसतं ते शिकवण्याआधीच बाहेर पडलो.

इंदूआत्या माझी सख्खी आत्या नव्हती. दुसरबीडला आमच्या आळीच्या टोकाला तिची पिठाची चक्की होती. नवरा गेल्यावर पट्टा, मोटर, दळायचा दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टाकी लावणं, सगळं तिनं स्वतः धरलं. ती गेली तेव्हा मी हैदराबादला एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर फरशी बसवत होतो. मायचा फोन आला. "अरे, इंदूबाई गेली. चक्कीतच, बसल्या बसल्या." मी हो म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. कालवलेला सिमेंटचा माल समोर होता आणि माल थांबत नाही, म्हणून पुढची ओळ बसवत गेलो. संध्याकाळी मिस्त्रीनं पट्टी लावून पाहिली आणि म्हणाला, ही ओळ कोणी बसवली, आंधळ्यानं? ती सगळी ओळ उखडावी लागली. उखडतानाच मला रडू आलं... मिस्त्रीला वाटलं, त्याच्या बोलण्यानं आलं.

अंत्यविधीला मी पोचलो नाही. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढं एसटी, आणि त्याआधी साइटवरून सुट्टी. पोचलो तो पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधी. आणि पोचल्याबरोबर जे पाहिलं त्यानं रडू आटून संताप आला. ते सांगण्याआधी ती कोण होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणारे म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर पोरगा काऊन तडकला.

चक्कीत तिच्या बाजूला पत्र्याच्या खुर्चीवर एक जाड पुस्तक असायचं. एका मोठ्या कवीच्या सगळ्या कविता. त्या कवीचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी कोणीतरी त्या नावाखाली आणखी एक खोटी ओळ चिकटवून पुढं ढकलेल. त्या पुस्तकाच्या पानापानांत पीठ होतं. ज्वारीचं, गव्हाचं, कधी बेसनाचं. आमच्याकडे लाईट गेली की दळण आणलेल्या बाया घरी जात नाहीत, नंबर जातो. तिथंच पायरीवर बसतात. तेव्हा आत्या पुस्तक उघडायची आणि मोठ्यानं वाचायची. समजावून वगैरे काही नाही, नुसतं वाचायची. मध्ये कोणी म्हणालं, "इंदूबाई, याचा अर्थ काय हो?" तर म्हणायची, "तुह्या जावेनं काल तुले जे म्हटलं त्याचा अर्थ तू मले इचारला काय? समजलाच ना? तसाच हाय हा. आयक." आणि लाईट आली की ओळीच्या मधोमध थांबून पुस्तक मिटायची, मोटरचं बटण दाबायची. "चला, कोणाचं हाय पयलं?" पुढची ओळ ऐकायला बायांना पुन्हा लाईट जायची वाट पाहावी लागायची. वीज बोर्डाला शिव्या न देणारं अख्ख्या तालुक्यात तेवढं एकच ठिकाण असेल.

शाळा सुटल्यावर मी घरात नकोसा झालो होतो. दळणाचं निमित्त करून चक्कीवर जाऊन बसायचो. आत्यानं मला शाळा काऊन सोडली असं कधी विचारलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिचा जन्मभर आभारी आहे, कारण बाकी सगळं गाव विचारायचं. तिनं फक्त एक दिवस पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "मले चष्म्याचा त्रास हाय. तू वाच." चष्म्याला काहीच झालं नव्हतं. बाया हसल्या, मी अडखळलो, आणि आत्या त्यांना म्हणाली, "हसू नका बे बायहो, तोही अडखळतच लिवते. पाहा, किती ठिकाणी टिंबं देऊन थांबला हाय."

ती कवीबद्दल असंच बोलायची, जसं आपण सोयऱ्याबद्दल बोलतो. तो हट्टी आहे, त्याला जेवणाची शुद्ध नसते, त्याचं बापाशी पटत नव्हतं, पण बाप गेल्यावर बाईसारखा रडला. सगळं कवितांतून काढलेलं. त्याचं चुकलं तिथं "इथं चुकला" म्हणायची. एका कवितेतलं एक कडवं तिला अजिबात मान्य नव्हतं, ते ती वाचायचीच नाही, बोटानं झाकून पुढं जायची. "सोयरा हाय म्हणून त्याचं सगळंच खपवून घ्यायचं काय?"

मला त्यातून सल्ला हवा असायचा. मी भित्रा. हैदराबादला कामाला जायचं का नाही, हे ठरेना, तेव्हा मी एक उद्योग केला. गावात काहीजण पोथीत कौल लावतात तसा त्या पुस्तकात लावला. डोळे मिटले, पान उघडलं, बोट ठेवलं. निघाली ती बैल मेल्याची कविता. मला तो अपशकुन वाटला. तरी पिशवी भरून निघालो, पण जालन्याच्या स्टेशनवरूनच परत घरी आलो. मायनं कपाळ बडवून घेतलं. आत्यानं ऐकलं आणि चक्की बंद करून हसली, पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"कवी काय तुह्या बापाचा भगत हाय काय बे? आं? अंगात येते त्याच्या?"

"मंग कशासाठी वाचायचं, आत्या? तूच म्हणते, लई कामाला येते."

तेव्हा ती जे बोलली ते मी आजपर्यंत धरून आहे. "सोयऱ्याच्या घरी आपण सवाल घेऊन नाही जात, पोरा. मुक्कामाले जातो. चार दिवस राह्यतो, त्याचं खातो, त्याची कटकट आयकतो. घरी वापस येतो तेव्हा आपलं घर थोडं येगळं दिसते. बस. तेवढंच काम हाय त्याचं. तू चालला त्याच्या घरात डोळे मिटून, अन् पयल्या खोलीत जे दिसलं ते घेऊन पळाला." मग पुस्तकच मला देऊन टाकलं. ती स्वतःसाठी देऊळगाव राजाहून नवी प्रत मागवणार होती. मी पुढच्या आठवड्यात गेलो. बैल मेलेली कविता गाडीत पूर्ण वाचली. त्यात बैल मरतो तो सुरुवातीलाच, पुढं सगळी शेजाऱ्यांची कविता आहे, कोण कोण धावून आलं त्यांची.

हैदराबादला पहिलं वर्ष फार वाईट गेलं. भाषा येत नव्हती. खोलीला कुलूप लावलं की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचो. त्या पुस्तकात एक लांब कविता आहे. एक माणूस परक्या शहरात पत्ता विचारत फिरतो, कोणी सांगत नाही, कोणी चुकीचा सांगतं, आणि शेवटी रस्त्यातला एक अनोळखी माणूस त्यालाच थांबवून पत्ता विचारतो. तिथंच कविता संपते. मला ती कळत नव्हती. त्यानं सांगितलं का, तो पोचला का, काहीच नाही. मग एकदा बाजारात एका म्हातारीनं मला तेलुगूत दवाखाना कुठं विचारलं, आणि माझ्या तोंडून डावीकडे, मशिदीमागं, असं तेलुगूतच निघून गेलं. मी तिथंच उभा राहिलो. आत्याला फोन लावला. नुसतं म्हणालो, "आत्या, मले पत्ता इचारला एकीनं." तिकडं चक्कीचा आवाज होता. ती ओरडून म्हणाली, "हाव? भेटला काय तो तुले?" तिला सगळं समजलं होतं. एवढं सख्खेपण मला रक्ताच्या नात्यात मिळालेलं नाही.

आता ती गेल्यावरचं.

आत्याच्या हातात मोबाइल आला तेव्हापासून तिला एका गोष्टीची शिसारी होती. कवीचा फोटो, खाली गुलाबाचं फूल, आणि त्यानं कधी न लिहिलेली गुळचट ओळ. गावच्या ग्रुपवर अशी ओळ आली की ती आवाज भरून पाठवायची, "हे त्याचं नाही. कोठून आणलं बे?" कोणी म्हणायचं, काकू, भावना समजून घ्या. ती म्हणायची, "तुह्या नावानं मी गावभर उधारी मागत फिरली तर चालते काय?" शेवटी तिला त्या ग्रुपमधून काढलं. तिनं पेढे वाटायचं बाकी ठेवलं होतं.

आणि मी पोचलो तर अंगणात फ्लेक्स. 'काव्यप्रेमी मातोश्री'. आत्याच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे, एकजण तर गॉगल लावून श्रद्धांजली वाहत होता. खाली ओळ: 'माय म्हणजे देवाची सावली, स्वर्ग तिच्या पावली.' आणि तिच्याखाली कवीचं नाव. आमच्या बौद्ध घरात, जिनं उभ्या जन्मात देवाला हात जोडला नाही, तिच्या उरावर देवाची सावली. पत्रिकेवर तीच ओळ. तिचा मुलगा संजयदादा पुण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे, आईवर त्याचा जीव होता यात मला शंका नाही. त्यानं मला जवळ बसवलं, मोबाइल समोर धरला आणि म्हणाला, "पाह्य, आई बोलते."

फोटोतली इंदूआत्या डोळे मिचकावत होती. तिचे ओठ हलत होते. आत्याचा समोरचा एक दात पडलेला होता, त्यातून शब्दाबरोबर वारा यायचा. या बाईला सगळे दात होते, पांढरेशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे. आणि कुठल्यातरी शहरातल्या मुलीच्या लाडिक आवाजात, बासरीच्या साथीवर, ती म्हणत होती, माय म्हणजे देवाची सावली... माझ्या अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं. संजयदादा मात्र रडत होता. ते पुन्हा पुन्हा लावत होता. एआयनं बनवून घेतलं म्हणाला. बाजूचे पाहुणे म्हणत होते, भारी बनवलं हो, जिवंतच वाटते. मला वाटलं, जिवंत असती तर मोबाइल चक्कीत टाकला असता.

"दादा, ही ओळ त्याची नाही."

"गूगलवर आहे रे."

"पुस्तकात नाही. मी घेऊन आलोय, पाह्य. आत्यानं अशा ओळींपायी भांडणं केली गावाशी."

"आता ती कोणाशी भांडते?" तो डोळे पुसत म्हणाला. "लोकायले आवडून राह्यली. आईच्या नावानं काहीतरी चांगलं चाललं हाय, त्यात खोट काढू नको. आणि आता ताटंही गेली मेहकरले. त्यावर पण हेच टाकाले सांगितलं."

इथं माझा धीर सुटला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं स्टीलची ताटं वाटतात, नाव कोरून. फ्लेक्स पावसात फाटतो, बकऱ्यांवर पांघरला जातो. मोबाइलमधलं लोक विसरतात, पुसतात. पण स्टील जात नाही. ती ताटं घरोघर जाणार, त्यात पोरं जेवणार, जेवता जेवता अक्षरं लावायला शिकणार, आणि शिकणार काय तर इंदूबाई असं मानायची, आणि तो कवी असं लिहायचा. दोघांना एकाच घावात मारायचं. संजयदादाला मंडपवाल्याचा फोन आला, जाता जाता मला म्हणाला, "तू रिकामा हायेस तर जाय ना मेहकरले, ताटं घेऊन ये."

असा मी रफिकभाईंसमोर जाऊन उभा राहिलो. बोळाच्या तोंडाशी टीचभर दुकान. खालची शहाबादी फरशी फुटून वर आलेली, बसायचा पाट डुगडुगत होता, म्हणून गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन ते मशीन धरत होते. लग्नसराईची भांडी दारापर्यंत. आत्याची थोडी ताटं झाली होती, बरीच व्हायची होती. झालेलं एक उचललं. सुरेख अक्षर. तिचं नाव, खाली देवाची सावली. सुरेख होतं म्हणून जास्तच किळस आली.

मी म्हणालो, "भाई, ही ओळ नका टाकू."

"तुमी कोण? ऑर्डर संजय साहेबायची हाय."

काय सांगणार? मी कोणीच नव्हतो. पुतण्या नाही, भाचा नाही. मी पिशवीतून ते पिठाचं पुस्तक काढलं आणि भडाभडा सगळं सांगत सुटलो, चक्की, लाईट, ग्रुपमधून काढलं ते, हलणारे ओठ. रफिकभाईंनी मशीन बंद केलं, पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. पान उघडल्यावर पीठ त्यांच्या लुंगीवर सांडलं. ते झटकलं नाही. म्हणाले, "आपल्याले मराठी शायरीतलं काही समजत नाही, भाऊ. पण मयताच्या तोंडी कोणी आपलं बोलणं घालावं, हे बरोबर नाही. गुनाह हाय." आणि फोन उचलून संजयदादाला लावला. मी घाबरलो. आता सांगतील, तुमचा माणूस इथं येऊन काम अडवून राह्यला.

"हॅलो, साहेब? मेहकरहून रफिक. ती ओळ लांब हाय, ताटाच्या काठावर बसत नाही. वाकडी दिसते. नुसतं नाव टाकून देतो, छान दिसते... हाव... हाव... तुमी बेफिकर राहा."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या ताटावर ती ओळ अगदी नीट बसलेली होती.

मग झालेली ताटं पुढं ओढली आणि घासायचं चाक लावलं. "डाग राहील," म्हणाले. "स्टील हाय, पाटी नाही पुसाले." दुपार सगळी त्यात गेली. लग्नाच्या भांड्यांची गिऱ्हाइकं येऊन ओरडून गेली, त्यांना रफिकभाई "मयतीचं काम हाय" एवढंच सांगत राहिले. मी फरशीवाला, घासाई मलाही येते, पण त्यांनी हात लावू दिला नाही. एकदा फक्त विचारलं, "हिच्याऐवजी खरी ओळ टाकायची काय? सांग एखादी छोटी." मी पुस्तक चाळलं. खूप वेळ चाळलं. एकही ओळ बाहेर काढावीशी वाटेना. आत्या म्हणायची, पंगतीतून एकच माणूस दंडाला धरून उठवू नये. मी नको म्हणालो. नुसतं नाव राहू दिलं.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. बुद्धवंदना झाली तेवढा वेळ बरं वाटलं. नंतर पडद्यावर तो व्हिडिओ लावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या बाईचे ओठ हलले म्हणून टाळ्या. एक वक्ते म्हणाले, ती कवीची निस्सीम भक्त होती. दुसरे म्हणाले, आज ती वरून पाहत असेल. मी उठून चक्कीकडे गेलो, शटर बंद होतं, तिथंच पायरीवर दोन बाया दळणाचे डबे घेऊन सवयीनं बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "त्याचं ते आगगाडीतलं अर्धंच राह्यलं होतं रे. पुढं काय झालं?" मी पुस्तक काढलं आणि त्यांना पुढचं वाचून दाखवलं. लाईट होती, तरी.

संजयदादा हा लेख वाचेल. वाचू दे. दादा, ओळ ताटावर बसत होती. तुझ्या रडण्याचा मला राग नाही, पण जी रडवत होती ती तुझी आई नव्हती.

वाटलेल्यातलं एक ताट मी हैदराबादला आणलं आहे. रोज त्यात जेवतो. काठावर अंगठा फिरवला की तिचं नाव खरखरीत लागतं, आणि त्याच्याखाली एक गुळगुळीत पट्टा. तो पट्टा मला सगळ्यात जास्त तिच्यासारखा वाटतो, बोटानं झाकून पुढं गेलेल्या कडव्यासारखा.

रफिकभाई मराठी पेपर वाचत नाहीत, कोणीतरी वाचून दाखवेल. भाई, कधी ते आज सांगता येत नाही. माझ्या सुट्ट्या संपल्या आहेत आणि मिस्त्री तापट आहे. पण थापी, पट्टी, रबरी हातोडा घेऊन मी एक दिवस मेहकरला उतरणार, तुमच्या दुकानातली ती फुटकी शहाबादी उखडणार आणि नवी फरशी माझ्या हातानं बसवून देणार. गुडघ्याखालचं पोतं फेकून द्या तेव्हा. माल सुकला की स्वतः ठोकून पाहा, एक एक करून. एकही फरशी पोकळ वाजली, तर सगळी पुन्हा उखडीन.